शब्बीरचा हात

शब्बीर गेल्याचं मला त्याच्या मुलानं, सलीमनं फोनवर सांगितलं. सकाळचे साडेआठ झाले असतील. मी सांगलीतल्या आमच्या घराच्या मागच्या दारी उभा राहून चूळ भरत होतो. "काका, अब्बा गेले. दुकानातच. शटर वर केलं, मशीनवरचं फडकं काढलं आन् तितंच बसले…"  मी निघतोच म्हणालो. बायकोनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. किल्ली सापडायच्या आत ग्रुपवर आमच्या व्याह्यांनी पुण्याहून एक क्लिप पाठवली. क्लिपमध्ये शब्बीर एका कोरियन हॉटेलात बसून कात्रीनं कोंबडीचं मांस कापतोय, मागं कसलंतरी धडधडणारं गाणं चाललंय, कडेकडेनं लाल बदाम उडताहेत. खाली लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या टेलरकाकांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्यापुढं जोडलेल्या हातांची रांग. मला ओकारी आली. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, मोरीपर्यंत पळावं लागलं. बायको पाठीवरून हात फिरवत म्हणाली, धक्का बसलाय तुम्हांला. मी मान हलवली. पण तो धक्का नव्हता, शिसारी होती, आणि ती कुणाची आली हे लिहायला मला सात आठवडे लागले.

शब्बीर आणि मी उंब्रजचे, एका इयत्तेतले, एका बाकावरचे. त्याचे वडील गावातले जुने टेलर. बाजारपेठेच्या वळणावर त्यांचं दोन मशिनींचं दुकान. शाळा सुटली की आमचं दप्तर तिथंच पडायचं. पुढं मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक झालो आणि बदल्या खात खात सांगलीला स्थिरावलो, तो वडिलांच्या मशीनवर बसला तो शेवटपर्यंत. दोघांचंही पोट टेपवर, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाला, "तुज्या टेपचं सांगू नगंस गड्या. तू मापलं की भावाभावांत डोकी फुटत्यात. मी मापलं की लगीन लागतंय." माणूस सहा फुटांच्या वर उंच, मानेत किंचित वाकलेला, बोलायला मोजका. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असलं तरी माप घेताना तोंडातनं अक्षर काढायचा नाही, फक्त वहीत आकडा वाढवायचा. मी मात्र तोंडाळ. माझ्या तोंडाळपणानं आयुष्यात पुष्कळ नुकसान केलं, पण ते बहुतेक माझं स्वतःचं होतं… मागच्या मे महिन्यापर्यंत तरी.

त्या दुकानाचा एक कायदा होता. दुकानातली कात्री कापडाशिवाय कशालाही लावायची नाही. कागदाला नाही, सुतळीला नाही, आणि मांसमच्छीला तर स्वप्नातही नाही. घरात बकरी ईदला कुर्बानी व्हायची, वडील आणि शब्बीर दोघंही सुरी घेऊन बसायचे, पण कात्री त्या दिवशी पेटीत कुलपात. आठवीत असताना आईनं मला बाजारातनं सुके बोंबील आणायला पाठवलं होतं. मी शहाणा, ते घेऊन दुकानात गेलो आणि वडील नमाजाला गेलेले बघून त्यांच्या कात्रीनं बोंबलांची मुंडकी उडवत बसलो. ते परत आले, त्यांनी बघितलं. ओरडले नाहीत, मारलं नाही. कात्री उचलून कागदात गुंडाळली आणि दुपारी भंगारवाला आला तेव्हा त्याच्या हातगाडीवर ठेवून दिली. चांगली वजनदार, त्यांच्या वडिलांच्या वेळची कात्री. नवी येईपर्यंत ते शेजारच्या टेलरकडनं मागून आणून काम करत होते. शब्बीर तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी त्यानं मला कारण सांगितलं. उंब्रजमध्ये मुसलमान समाजात कुणी गेलं की कफनाचं कापड बेतायला त्याच्या वडिलांना बोलावणं यायचं. जी कात्री मयताच्या अंगावरचं कापड कापते ती मांसाला लागता कामा नये, ही त्यांची रीत. वडिलांनी ती त्यांच्या वडिलांकडनं घेतली होती.

वडिलांमागं ते काम शब्बीरकडं आलं. रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, कुणाचंही बोलावणं आलं तरी शिवत असलेला कपडा बाजूला सारून तो उठायचा. स्वतः जाऊन माप घ्यायचा, पांढरं कापड अंथरायचा, 'बिस्मिल्ला' म्हणून कात्री लावायचा. कफनाला शिलाई नसते, नुसते कापलेले तुकडे असतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मग त्यात कसब ते काय, असं मी विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, की शर्ट आखूड झाला तर गिऱ्हाईक परत येऊन शिव्या देतं, हे गिऱ्हाईक परत येत नाही, म्हणून इथं चूक करायची नसते. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या त्याला गमतीनं म्हणायच्या, माझं तेवढं नीट बेत बाबा, लांबीला कंजुषी करू नको. तोही हसून हो म्हणायचा. उभ्या गावात त्याला कशाचा अभिमान असेल तर तो या कामाचा होता, आणि त्याच कामाबद्दल तो कधी बोलायचा नाही.

आता त्या हॉटेलाकडं येतो. गेल्या मे महिन्यात आमचा मंदार आणि सूनबाई ईशा पुण्याहून आले होते, बरोबर व्याही आणि विहीणबाई. ईशाला बढती मिळाली होती आणि ती साजरी करायची होती. नेमका त्याच दिवशी शब्बीर मिरजेला डोळे दाखवायला आला होता. सुईत दोरा ओवताना त्रास व्हायला लागला होता त्याला. मीच त्याला आग्रहानं मुक्कामाला थांबवून घेतला आणि संध्याकाळी चल म्हणालो. तो नको म्हणत होता. तुमच्या घरच्या कार्यक्रमात मी कशाला, म्हणाला. मी ऐकलं नाही.

मिरज रोडला नवीन निघालेलं कोरियन हॉटेल. बाहेर नंबर लावून चाळीस मिनिटं उभं राहायचं, जेवायला नव्हे, जेवायला बसायला मिळावं म्हणून. आत गुलाबी दिवे, भिंतीवर कुणाला वाचता येत नाहीत अशी अक्षरं, आणि बोललेलं बाजूच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतकी मोठी गाणी. हळद-गुळाच्या पेठेत ज्यांचे आजे पोती उचलत होते त्यांची नातवंडं तिथं मे महिन्याच्या उकाड्यात टोप्यांचे जाड सदरे घालून बसली होती. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर छतातनं लोंबणारं पत्र्याचं धुराडं. आधी आल्या वाट्या. आंबूस वासाची लाल कोबी, गुळचट तिखट चिकात घोळलेले तांदळाचे रबरी तुकडे, दाताला चिकटले की बोटानं काढावे लागणारे. मग चीज घातलेला एक प्रकार आला, तो पोरं तोंडापासून हातभर ताणून फोटो काढत होती. लाळ आणि चीज यांतला फरक मला त्या दिव्यांत कळेना. जेवणाआधी प्रत्येक वाटीचा फोटो, फोटोचा पुन्हा फोटो. व्याही दर घासाला 'ऑथेंटिक आहे' म्हणत होते. ते कोरियाला गेलेले नाहीत. गेले असते तर मला माहीत असतं, कारण ते सिंगापूरला चार दिवस गेले होते ते आम्ही सहा वर्षं ऐकतोय. मी चडफडत होतो आणि वरकरणी हसत होतो. मुलाचं सासर म्हटलं की माझ्यासारख्या तोंडाळ माणसालाही लाळघोटेपणा जमतो. शब्बीर मात्र निमूट बसला होता. मांस हलालचं आहे का ते मी आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवलं होतं, तसं त्याला सांगितलंही. तेवढं केलं की मित्राची काळजी घेऊन झाली, अशी माझी समजूत.

शेगडीवर कोंबडीचे लांबलचक पट्टे टाकले गेले. ते शिजत आले तशी काळा एप्रन घातलेली एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी आली. तिच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मोठी कात्री. चिमट्यानं मांस उचललं आणि कात्रीनं कचाकच कापायला लागली. यात तिचा दोष नाही, कोरियातल्या लोकांचा तर मुळीच नाही. त्यांच्याकडं कात्री स्वयंपाकघरातली वस्तू आहे, आपल्याकडं विळी असते तशी. शब्बीरनं ते बघितलं आणि खुर्ची बोटभर मागं घेतली. मी ते पाहिलं. त्या टेबलावर ते पाहून समजू शकणारा एकटा मीच होतो. तेवढ्यात ईशा टाळी वाजवून म्हणाली, अरे, आपल्याकडं तर एक्स्पर्ट बसलेत, काकांना द्या ना! ती मुलगीही हसली आणि तिनं कात्री शब्बीरपुढं धरली. ईशानं फोन काढला. व्याही म्हणाले, होऊन जाऊ द्या मास्तर. शब्बीरनं कात्रीला हात लावला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. 'राहू दे, त्याला डॉक्टरनं धूर चालत नाही म्हटलंय', एवढी थाप पुरली असती. मी काय बोललो ते त्या क्लिपमध्ये स्वच्छ ऐकू येतं, गाण्याच्या धडधडीतूनही. मी हसत हसत म्हणालो, "काप रं शब्ब्या, जन्मभर तेच केलंस की."

त्यानं कात्री घेतली. रोज पहिल्या कापाला 'बिस्मिल्ला' म्हणणारा माणूस, त्या वेळी ओठ हलले नाहीत. मांसाचा पट्टा चिमट्यानं ताणून धरला आणि बोटाच्या रुंदीचे तुकडे पाडत गेला, एकाला एक जुळणारे, एकही तिरका नाही. टेबलावर टाळ्या पडल्या. त्यानं कात्री मिटली, मूठ त्या मुलीच्या दिशेनं करून परत दिली, जशी कारागीर कारागिराला देतो, आणि हात धुवायला गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेलो, तर बेसिनपाशी कोपरापर्यंत साबण लावून तो हात चोळत होता. मी म्हटलं, चल, गार होतंय. तो म्हणाला, तू हो फुडं. नंतर येऊन बसला आणि नुसता पांढरा भात खाल्ला. विहीणबाईंनी आग्रह केला तर म्हणाला, पोट भरलंय ताई, लय झालं. मी मात्र ते तुकडे खाल्ले. चवीला चांगले होते, हे सांगतानाही आज माझी मला किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. कराडची गाडी लागायला वेळ होता, बाकड्यावर बसलो. मी आपलं उगाच, पोरं चेष्टेखोर आहेत, मनावर घेऊ नको, असं पुटपुटलो.  मग मी माझ्या बाजूनं युक्तिवाद मांडला, मोजणीच्या कोर्टकज्जांत वकिलांचे ऐकून ऐकून मला ती सवय लागलेली. म्हटलं, तुझी कात्री थोडीच होती ती? तुझी पेटीत कोरी आहे. तो शांतपणे म्हणाला, "कात्री त्यांची व्हती. हात माजा व्हता." मी विचारलं, मग नाही म्हणायचंस ना, कुणी जबरदस्ती केली होती? त्यावर त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "तुज्या व्याह्याम्होरं तुजा शबूद खाली पाडू व्हय?" एवढ्यात गाडी लागली. तो पिशवी उचलून चढला, खिडकीपाशी बसला आणि नेहमीसारखा हात वर केला.

त्याच पावसाळ्यात उंब्रजमध्ये पाठोपाठ दोन मयतं झाली. दोन्ही वेळा शब्बीरला बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा त्यानं जमणार नाही म्हणून सांगितलं. गणपतीत मी गावी गेलो तेव्हा दुकानात बसलो असताना मशिदीचे मौलाना स्वतः त्याला समजवायला आले. बिचारे सरळ माणूस. त्यांना वाटलं, याच्या मनात काही शंका आलीय. म्हणाले, कसलीही अडचण असली तरी दीनमध्ये याला मनाई नाही, बेफिकीर या. शब्बीर म्हणाला, "धर्मात नसंल मौलाना. धंद्यात हाय." मग काय झालंय ते तरी सांगा, असं त्यांनी विचारलं. शब्बीरनं उजवा हात पुढं करून थोडा हलवला. थरथरतोय, म्हणाला, कापड वाकडं जाईल, मयताचे हाल होतील. मौलानांनी हळहळून मान डोलावली. ते गेल्यावर मी काही बोलणार, तर त्यानं मशीनवरनं मान वर न काढता सांगितलं, "हात थरथरतोय म्हणून गावाला सांगितलंय. तू गप ऱ्हा. तुजं नाव कशाला मधी?" त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. वर चहा आणि भजीही मागवली मी. पन्नास वर्षांच्या मित्रानं माझ्यासाठी स्वतःच्या हाताची बदनामी पत्करली होती आणि मी भजी खात बसलो होतो.

तो गेला त्या दिवशी मी पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. आत पडद्याआड गुसल, मयताची आंघोळ, चाललं होतं, आम्ही बाहेर अंगणात. आता कफन बेतणारं गावात कुणी नसल्यामुळं लोक कराडहून तयार पाकीट आणायला लागले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे तुकडे घडी घालून, वर रबर लावलेलं. तसंच पाकीट शब्बीरसाठी आलं होतं. थोड्या वेळानं पडद्याआडनं आवाज आला, "आखूड पडतंय रं…" कुणीतरी म्हणालं, माणूस उंच व्हता, त्यांना काय ठावं. मग कुजबुज, मग पेठेत माणूस पिटाळला, त्यानं पांढरं कापड आणलं. सलीम दुकानातनं वडिलांची कात्री घेऊन आला, पण ती धरायचा कुणाला धीर होईना. कुठनं कापायचं, किती सोडायचं, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्यानं फर्मावलं, वेळ जातोय, हातानं फाडा. ते कापड फाडल्याचा आवाज मी अंगणात बसून ऐकला. सगळ्या गावाला बेतून देणाऱ्या माणसाला फाडलेल्या ठिगळात जावं लागलं. खिशात फोन थरथरत होता. ग्रुपवर त्या क्लिपखाली नातेवाईक एकामागून एक लिहीत होते, किती हसरा माणूस, किती कलाकार माणूस.

ईशाला मी नंतर ती क्लिप काढून टाकायला सांगितलं. तिला वाईट वाटलं. पपा, किती गोड दिसतायत ते त्यात, म्हणाली. तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. तिला रीत माहीत नव्हती. मला माहीत होती. आयुष्यभर मी लोकांच्या हद्दी दाखवून दिल्या, हा बांध तुझा, तो त्याचा, आणि घरच्या माणसाची हद्द डोळ्यांसमोर ओलांडली जात असताना हसलो.

चाळीस दिवस झाल्यावर चाळिसाव्याला गेलो होतो. फातिहा झाली, त्याच्यासाठी दुआ मागून झाली, जेवणं झाली. सलीम मला दुकानात घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, एक इचारू का? अब्बांचा हात लय थरथरायचा का हो शेवटी? घरात आमच्यासमोर तर कवा दिसला न्हाई. आमी ध्यान दिलं न्हाई, दवाखान्यात न्यायला पायजे व्हतं, ह्येच डोस्क्यात फिरतंय. तुमी बगितलं आसंल." त्याचा चेहरा बघवत नव्हता. पोरगा वडिलांच्या न झालेल्या आजाराचा अपराध उरावर घेऊन फिरतोय. तेव्हा तरी सांगायचं. मी काय केलं? "व्हय, थोडा थरथरायचा," म्हणालो आणि पाच वाजताची गाडी गाठायची म्हणून उठलो.

दर दिवाळीला शब्बीर मला एक शर्ट शिवून पाठवायचा, न विचारता, न मापता. गेल्या दिवाळीतही आला, फिकट निळा. तो अंगाला लावायचं धाडस झालं नव्हतं. चाळिसाव्याहून परत आल्यावर कपाटातनं काढला आणि खिडकीशी धरून पाहिला. कॉलरची टीप, खिशाची टीप, बटणांची काजं हातानं केलेली, सहाच्या सहा. मोजणीवाल्याची नजर आहे माझी, तिरकं असतं तर दिसलं असतं.

सलीम, हे तू वाचशील, तुला कुणी ना कुणी दाखवेलच. तुझ्या अब्बांचा हात कधीच थरथरत नव्हता, दवाखान्यात न्यायची काही गरज नव्हती. तुझं काही चुकलेलं नाही. तो शर्ट तुझ्याकडं पाठवतोय, बघ. कफनाचं काम त्यांनी सोडलं ते माझ्यामुळं. मी त्यांच्या हातात ती कात्री जाऊ दिली आणि हसलो, आणि त्यांनी माझी लाज राखली. मला गप बस म्हणाले होते, मी आत्तापर्यंत त्यांचं ऐकलं. गावात कुणी विचारलं तर खरं सांग, माझं नाव घेऊन सांग.